सपाट चमचा

साईमी बस चालवते, बारा नंबरची.
तुइराहून पूल ओलांडून विद्यापीठापर्यंत, आणि परत.
डिसेंबरात ओउलूला सूर्य जेवणाच्या सुट्टीपुरता येतो,
तिचा बाकीचा दिवस हेडलाइटच्या उजेडात जातो
आणि उजेडाच्या कडेला नेहमी काहीतरी असतं.

चाकाखाली दणका बसला, ते बर्फाचं ढेकूळ होतं.
ढेकूळच होतं ना?
तिच्या मनात पाल चुकचुकते.
इतक्या उत्तरेला घरात पाली नसतात,
तरी चुकचुकते.

ड्यूटी संपली की बस डेपोत लावून
ती सगळा मार्ग पायी चालायची, हातात टॉर्च.
पहिली दोन वर्षं मीही जायचो.
"कुणी नाही पडलेलं, बघ," दर थांब्याला सांगायचो.
माझा धंदा कुलपांचा.
बंद म्हणजे बंद, एवढं मला कळतं,
म्हणून वाटायचं, हिची किल्लीही माझ्याचकडे असणार.

मग गोळी आली, रोज सकाळी एक.
मग मर्वी, लोकरी मोजे घालून बसणारी थेरपिस्ट, दर मंगळवारी.
पहिल्याच भेटीत मला म्हणाली:
तुम्ही उत्तरं देणं थांबवा.
इतकं अवघड काम मला कुणी दिलं नव्हतं.
साईमी विचारायची, "कुणी नव्हतं ना?"
आणि मी भांडी घासायचो,
घासलेलीच.

गोळीनं आवाज कमी झाला. बंद नाही,
भिंतीपलीकडच्या रेडिओसारखा.
मर्वीमुळे चालणं चार थांब्यांवर आलं
आणि तिथंच रुतलं, वसंत येऊन गेला तरी.

म्हणून मी पूड आणली. कुठंतरी वाचलं होतं.
दिसायला साखर, गोडीला साखरेहून कमी.
शिवाय ती फसफसणारी गोळी,
जी माझे आजोबा कफ सुटावा म्हणून घ्यायचे;
म्हणे मनातला चिकटाही सुटतो.
फार्मसीतल्या ओइवानं डबा फिरवून मागचं बारीक अक्षर वाचलं.
"डॉक्टरांना सांगितलंत?"
नव्हतं सांगितलं.
सांगितलं.
डॉक्टर म्हणाल्या, पुरावा तोकडा आहे,
बघायचं तर एकच बघा, दोन्ही एकदम नको,
आणि सकाळच्या गोळीला हात लावायचा नाही.
हे शेवटचं माझ्याकडे बघून.

तर पूड. ब्लूबेरीच्या सूपात, एक सपाट चमचा.
सपाट.
साईमीनं सुरीच्या पाठीनं वरचा उंचवटा काढला.
चमचा डब्यात रिकामा केला. परत भरला. परत सुरी.
कमी पडली तर उपयोग नाही, जास्त झाली तर झोप येईल,
झोप आली तर बस, बस म्हणजे पूल, पुलावर कुणीतरी.
अकरा मिनिटं. सूपावर साय धरली.
मदतीला म्हणून मी माणूस आणावा
आणि आजारानं त्यालाच चाकरीला ठेवावं, तसं झालं.

मर्वी हसली नाही.
"बरं झालं," म्हणाली, "रोजचा सराव घरपोच आला."
डॉक्टरांना तिनं विचारून घेतलं, एकदाच.
मग नियम असा: चमचा न बघता भरायचा.
शिगोशीग तर शिगोशीग, अर्धा तर अर्धा.
झाकण एकदा लावायचं. उठायचं.

पहिल्या सकाळी साईमीचा हात थरथरला,
पूड मेजावर, माझ्या बाहीवर.
पुसायला तिनं बोट उचललं,
हवेत धरलं,
आणि मांडीवर ठेवून दिलं.
मी माझं सगळं कसब लावून
तोंडाला कुलूप घातलं.

आता मार्च आहे. चालणं एका थांब्यावर,
कधी तेही नाही. मागच्या गुरुवारी परत चार.
जानेवारीत गोळीचा डोस वाढवला होता,
उजेडही वाढलाय,
तेव्हा पुडीचं श्रेय किती, कुणास ठाऊक.
"कशानं बरं वाटतंय मला? तुला काय वाटतं?"
ही शंका की साधा प्रश्न,
मला अजून ओळखता येत नाही.

डबा तळाला गेलाय.
नवा आणायचा का, ते तिनं ठरवायचंय.
ती चमचा आत घालते, खिडकीबाहेर बघत.
खाली कुणीतरी सायकलवरून बर्फ चिरत चाललंय,
टोपी नाही घातलेली.